थैली कोणाकडे आहे?

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, सलाम. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी ख्रिस्ती वक्ते रवी झकारायस यांचं पुस्तक होतं. मी इंजिनिअरिंगला असताना देव-बिव सगळं झूट वाटायला लागलं होतं. तेव्हा वडिलांनी त्यांच्याच व्याख्यानांच्या सीड्या आणून दिल्या आणि मी हळूहळू मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, परत आलो. नोकरी लागल्यावर दोनदा त्यांच्या संस्थेला पैसेही पाठवले. २०२१ साली जे बाहेर आलं ते मी अर्धवट वाचलं आणि बाजूला ठेवलं. आता मुलगी कॉलेजात जाते. तिनं परवा कपाट आवरताना विचारलं, "बाबा, ही पुस्तकं अजून इथं का?" मला उत्तर देता आलं नाही. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, माणूस गेला, मेलेल्याची निंदा नको. पुस्तकं ठेवू की रद्दीत घालू? आणि माझा विश्वास खोट्यावर उभा आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अर्धवट वाचलंत म्हणता, तर आधी उरलेलं वाचू. पुस्तकांचं नंतर बघू.

झकारायस आपल्याच देशातले. जन्म १९४६ चा, मद्रासचा, लहानपण दिल्लीत. विशीत कॅनडाला गेले आणि १९८४ साली स्वतःच्या नावाची संस्था काढली. पुढे ती अमेरिकेत अटलांटाजवळून चालायची आणि जगभर तिच्या शाखा होत्या. बुद्धिवादी माणसाच्या शंकांना उत्तरं देणारा वक्ता म्हणून त्यांचं नाव होतं, आणि वाणी होतीच तशी. मीही ऐकलेली आहे. मे २०२० मध्ये ते कॅन्सरनं गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या सभेत अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बोलले होते.

पण त्याच्या तीन वर्षं आधी कॅनडातल्या एका विवाहित बाईनं सांगितलं होतं की या माणसानं माझ्याशी ओळख वाढवून माझ्याकडून नको तसले फोटो मागवले. झालं काय? झकारायस यांनी त्या नवरा-बायकोवरच खटला भरला, की हे दोघं मला पैशासाठी लुबाडू बघताहेत. २०१७ च्या अखेरीस तडजोड झाली, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. मग त्यांनी जाहीर निवेदन काढलं: बायको आणि मुली सोडून इतर स्त्रीबरोबर मी एकटा राहत नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे. संस्थेनं ते मान्य केलं आणि जगानंही. आत काम करणाऱ्या ज्यांनी प्रश्न विचारले, ते बाजूला पडले.

सप्टेंबर २०२० मध्ये 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या अमेरिकेतल्या ख्रिस्ती मासिकानंच बातमी दिली. झकारायस यांची भागी असलेल्या मसाज-स्पामध्ये काम केलेल्या तीन बायका बोलल्या होत्या. झकारायस यांना पाठदुखी होती, ती खरीच होती. पण पाठदुखीच्या नावाखाली काय चालायचं ते या बायकांनी सांगितलं. संस्थेचं पहिलं म्हणणं, आमचा यावर विश्वास बसत नाही. तरी तिनं 'मिलर अँड मार्टिन' या वकिली कंपनीकडे चौकशी सोपवली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये १२ पानांचा अहवाल आला. त्यांच्या फोनमध्ये दोनशेहून जास्त मसाज करणाऱ्या बायकांचे नंबर सापडले, अमेरिकेतल्या आणि आशियातल्या. अनेकींनी सारखीच हकिगत सांगितली. एकीनं जे सांगितलं त्याला तिचा स्वतःचा शब्द बलात्कार हा आहे.

आता इथं जरा थांबा. मी आयुष्यभर बँकेत कॅशला बसले, म्हणून असेल, पण त्या १२ पानांतल्या एका गोष्टीवरून माझी नजर हलेना. संस्थेत 'टच ऑफ होप' नावाचा एक निधी होता, गोरगरिबांना मदत करण्यासाठी म्हणून. त्यातला बराच भाग चार मसाज करणाऱ्या बायकांना किंवा त्यांच्यासाठी दिला गेला होता. बलात्कार हा शब्द वापरणाऱ्या त्या एकीला झकारायस यांनी आधी संस्थेकडून पैशाची मदत मिळवून दिली, आणि मग त्या मदतीची वसुली तिच्या देहाकडून केली. तिनं सांगितलं की तो तिला जोडीला घेऊन प्रार्थना करायचा, ही संधी दिल्याबद्दल देवाचे आभार मानायचा. आणि बजावायचा की तू तोंड उघडलंस तर लाखो आत्म्यांच्या तारणाचं ओझं तुझ्या डोक्यावर येईल.

पैशाची भानगड आणि बायकांचा छळ ही आपण दोन वेगळी प्रकरणं समजतो. इथं त्यांचा दरवाजा एकच होता. त्या निधीचा चेक ज्या टेबलावर फाडला जायचा तिथं कोणी नुसतं "ही बाई कोण, हिला कशाबद्दल?" एवढं विचारलं असतं, तरी ती बाई वाचली असती. विचारणार कोण? संस्थेच्या संचालक मंडळात कोण आहे ते बाहेर सांगतच नव्हते. अमेरिकेत धर्मादाय संस्थांना दरवर्षी जमाखर्चाचं एक जाहीर विवरण सरकारला द्यावं लागतं, चर्चना त्यातून सूट आहे. ही संस्था पुढे चर्चच्या वर्गात गेली आणि तिचं विवरण यायचं बंद झालं. सगळं कायदेशीर, बरं का.

मेलेल्याची निंदा नको म्हणणाऱ्या तुमच्या वडीलधाऱ्यांना सांगा, मेला तो एकटा. त्या बायका जिवंत आहेत. अहवालानंतर संस्थेनं माफी मागितली आणि २०१७ मध्ये त्या कॅनडातल्या बाईवर विश्वास ठेवला नाही ही आपली चूक झाली असं लिहून दिलं. ज्या पंथानं त्यांना दीक्षा दिली होती त्यानं मरणानंतर ती काढून घेतली. प्रकाशकांनी पुस्तकं थांबवली. एवढ्या सगळ्यांना निंदा करायची हौस होती असं थोडंच आहे?

तुमच्या विश्वासाचं विचाराल, तर तुम्हाला मंडळीत परत आणणारा माणूस मला तुमच्या पत्रात दिसला. पगारातून पैसे काढून सीड्या आणणारा तुमचा बाप. त्यानं कोणाला फसवलं नाही. त्याच्या उशाचं ते एक पुस्तक त्याची आठवण म्हणून ठेवा, आणि आतल्या पानावर तुमच्या हातानं दोन ओळी लिहा, की या माणसाचं पुढे काय निघालं. बाकीची रद्दीत. मंडळीच्या वाचनालयाला मात्र देऊ नका, ती सवय आपल्याकडे फार आहे. मुलीला हे सगळं सांगा. 'मी अर्धवट वाचून ठेवून दिलं होतं' हेही सांगा.

प्रश्न : ताई, आई ७१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. आमची जुनी मंडळी सोडून चार वर्षांपासून एका स्वतंत्र मिनिस्ट्रीत जाते. पेन्शनचा दशमांश रोख देते, शिवाय 'बी पेरा, शंभरपट घ्या' म्हणून वेगळे. पावती नाही. मी पास्टरांना फोन करून हिशेब विचारला तर त्यांनी पुढच्या रविवारी व्यासपीठावरून वचन वाचलं: "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. काय करू?
— एक लेक, श्रीरामपूर

उत्तर : पोरी, आधी ते वचन. बायबलमधलं १०५ वं स्तोत्र उघड आणि आईसमोर बसून त्याच्या आधीच्या तीन ओळी मोठ्यानं वाच. हे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब आणि त्यांची माणसं. मूठभर, परकी, या राज्यातून त्या राज्यात भटकणारी. आणि देव दटावतोय कोणाला? राजांना. ज्यांच्या हाती सत्ता त्यांनी दुबळ्यांना हात लावू नये, हे ते वचन. ते उलटं करून एका निवृत्त शिक्षिकेच्या लेकीवर उगारायचं म्हणजे कमाल आहे. प्रेषित पौलानं यरुशलेमसाठी वर्गणी जमवली तेव्हा बरोबर माणसं घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. आणि येशूच्या बारा शिष्यांत थैली कोणाकडे असायची, ते योहानानं लिहून ठेवलंय: त्याला धरून देणाऱ्या यहूदाकडे. तेही वाचा.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तुला शहाणपण शिकवायला मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. खूप वर्षं झाली. आमच्याकडे मैदानावर तीन रात्रींची सभा होती, बाहेरचे प्रचारक. मी बँकेतली म्हणून पैसे मोजायला बोलावलं. अर्पणाला थैल्या पुरेनात म्हणून प्लॅस्टिकच्या बादल्या फिरवल्या, निळ्या, घरात असतात तशा. शेवटच्या रात्री मी मंडपामागे सतरंजी अंथरून, रबरबँडचं पुडकं घेऊन बसले होते. बादल्या आल्या. दहा-दहाच्या चुरगाळलेल्या नोटा, ऊसतोडीवरून आलेल्या बायकांनी कमरेच्या पिशवीतून काढलेल्या, अजून गरम. एका बादलीत सोन्याची फुली होती. मी पहिली गड्डी लावतेय तोवर प्रचारकांचे सहायक आले आणि म्हणाले, "मोजू नका ताई, प्रभूला आकडे लागत नाहीत." बादल्या उचलून जीपमध्ये ठेवल्या. मी बघत राहिले. सकाळी एक व्हाउचर आलं: 'मंडप व इतर', रकमेची जागा कोरी, खाली दोन सह्यांच्या रेघा. मी सही केली.

कॅशियरनं कोऱ्या व्हाउचरवर सही केली! काउंटरवर कोणी असं केलं असतं तर मी त्याला उभा आडवा केला असता. पण समोर प्रचारक होता ना. दीड महिन्यानं मंडपवाला माझ्या काउंटरवर आला, घामानं मऊ झालेलं बिल घेऊन. पैसे मिळालेच नव्हते. आम्ही चार घरांनी मिळून ते फेडले. ती सोन्याची फुली कोणाची होती हे मात्र मला आजपर्यंत कळलं नाही, आणि ते जास्त टोचतं.

तेव्हा काय करायचं ते ऐक. आईचं पेन्शन आईचं आहे. ते तिच्या हातून काढून घेऊ नकोस, नाहीतर तुझ्यात आणि त्या जीपवाल्यात फरक काय? पण तिला शिक्षिका म्हणून विचार, की शाळेत सहलीची वर्गणी घेताना तू पावती फाडायचीस ना? तिचं पावतीपुस्तक, कार्बन पेपर, सगळं तिला आठवेल. मग पावती तीच मागू दे. पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आहे का बघ. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, विश्वस्तांची नावं तिथल्या नोंदवहीत असतात आणि हिशेब तपासून दरवर्षी तिथं द्यायचे असतात. जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज करून, फी भरून नक्कल मिळते. वकील लागत नाही. दोन-तीन चकरा लागतात. विश्वस्तांच्या यादीत पास्टर, त्यांची पत्नी, मेहुणा आणि ड्रायव्हर एवढेच निघाले, तर ती यादी आईच्या हातात दे आणि गप्प बस.

पावती म्हणजे सगळं झालं असंही नाही. 'गॉस्पेल फॉर एशिया' ही केरळच्या के. पी. योहान्नान यांनी १९७९ मध्ये सुरू केलेली संस्था, मुख्यालय टेक्सासमध्ये. देणगीदारांना पावत्याही मिळायच्या आणि शब्दही, की तुमचा पैसा शंभर टक्के क्षेत्रावर पोचेल. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सुवार्तावादी संस्थांच्या हिशेबावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळानं तिला सदस्यत्वातून काढलं. कोट्यवधी डॉलर परदेशी खात्यांत पडून होते, आणि भारतात दौऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानात साडेचार-साडेचार हजार डॉलरची पाकिटं दिली जायची. भारतात येताना पाच हजारांपेक्षा जास्त डॉलरच्या नोटा असल्या तर कस्टम्सला सांगाव्या लागतात. साडेचार हजार हा आकडा वाचून माझी भुवई कुठे गेली ते सांगायला नको. देणगीदारांनी आर्कान्सामध्ये दावा लावला आणि २०१९ मध्ये ३ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. गुन्हा कबूल केलेला नाही, हेही लिहायला हवं. लक्षात घे, त्या देणगीदारांतही तुझ्या आईसारखी पेन्शनवाली माणसं असणार.

प्रश्न : मी २२ वर्षांची. एका मिनिस्ट्रीच्या ऑफिसात स्वयंसेवक म्हणून काम करते, थोडं मानधन मिळतं. तिथले मुख्य सेवक मला संध्याकाळी एकटीला थांबायला सांगतात, तुझ्यावर विशेष अभिषेक आहे, हात ठेवून प्रार्थना करतो म्हणतात. मला ते हात नकोसे वाटतात. कोणाला सांगितलं तर म्हणतील मीच... गाव लिहू नका.

उत्तर : नकोसे वाटतात, एवढं पुरेसं आहे. पुरावा, वचन, कोणाची परवानगी, काही लागत नाही. उद्यापासून जाऊ नकोस. मानधन राहिलं असेल तर राहू दे, ते नंतर बघू.

आजच कधी, किती वाजता, काय म्हणाले, हे तारखेसह एका वहीत लिही. त्यांचे मेसेज पुसू नकोस. त्यांच्या स्क्रीनशॉटची एक प्रत दुसऱ्या कोणाच्या फोनवर ठेव. आईला सांगवत नसेल तर मावशीला, नाहीतर मैत्रिणीला, पण आज एका बाईला सांग. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. तिथं दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असायलाच हवी, आणि स्वयंसेवकांनाही तो कायदा लागू आहे. मंडळीतले पंच म्हणतील, वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या वडीलधाऱ्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून घेऊ नये असं शास्त्रात आहे. आहे, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात. लगेच पुढची ओळ अशी, की जे पाप करतात त्यांना सगळ्यांच्या देखत दोष दे. ती ओळ कोणी वाचत नाही. आणि साक्षीदार एकीला दुसरी मिळते ती पहिली बोलल्यावर. अटलांटातही तसंच झालं.

तिथं अठराच्या आतल्या मुली येत असतील तर तेही मला कळव. मग गोष्ट वेगळी होते, पोलिसांना सांगणं कायद्यानं बंधनकारक होतं. तुझं पत्र मी फाडलं आहे, पण मागचा नंबर वेगळा लिहून ठेवलाय. फोन करते.

प्रश्न : ताई, तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी आपल्याच माणसांची धुणी चव्हाट्यावर धुता. आधीच आपल्यावर धर्मांतराचे आळ, प्रार्थना सभांत घुसून मारहाण. तुमचं हे सदर उद्या त्यांच्याच व्हॉट्सअॅपवर फिरेल. घरातलं घरात मिटवावं.
— एक ज्येष्ठ सेवक, नाशिक

उत्तर : भीती खोटी नाही, दादा. माझ्या भाच्याच्या घरची प्रार्थना सभा गेल्या वर्षी अशीच बंद पडली, म्हणून मी हे हसण्यावारी नेत नाही. आणि हे सदर फिरेलही.

पण पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी असोसिएशन उभी राहिली. ती दरवर्षी अहवाल छापायची, जमाखर्चासकट. पैसे देणारी अमेरिकेतली बाई आणि इथला विरोधक, दोघंही तो वाचू शकत होते. १८९३ मध्ये शारदा सदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेतल्या मुलींच्या धर्मांतरावरून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 'केसरी'नं किती शाई खर्च केली ते सांगायला नको. तेव्हाचं पुणं आजच्या व्हॉट्सअॅपपेक्षा काही कमी नव्हतं. बाईंनी दार लावून घेतलं नाही. केडगावचं मुक्ती मिशन अजून उभं आहे.

घरातलं घरात मिटवायचं हे अटलांटावाल्यांनी २०१७ मध्ये केलंच होतं. त्यानं फक्त त्या बायकांच्या यादीत भर पडायला तीन वर्षं जास्त मिळाली. आणि त्यांचं बिंग फोडलं कोणी? ख्रिस्ती मासिकानं. मला त्याचा थोडा अभिमानच वाटतो, तुम्ही रागावलात तरी.

प्रश्न : आमच्या छोट्या मंडळीत खजिनदार व्हायला कोणी तयार नाही. मला गळ घालताहेत. मी शिवणकाम करते, दहावी पास. घेऊ का?
— एक भगिनी, जालना

उत्तर : घे. मापं चुकवत नाहीस ना, मग हिशेबही चुकणार नाहीस. पण हो म्हणण्याआधी अटी घाल. अर्पण उपासना संपल्यावर लगेच, तिथंच टेबलावर मोजायचं, दोघांनी, आणि ते दोघं एका घरातले नकोत. आकडा लिहून दोन सह्या, त्यातली एक पाळकांची नको. पैसे सोमवारी बँकेत. पाळकांना खर्चाला हवे असतील तर ते बँकेतून, चेकनं. महिन्याचा कागद दारावर चिकटवायचा, इतक्या मोठ्या अक्षरात की म्हातारीला चष्म्याशिवाय वाचता येईल. कोऱ्या व्हाउचरवर सही नाही, समोर कोणीही असो.

पहिल्या रविवारी चिल्लर फार वेळ खाईल. नाण्यांसाठी जुन्या चुडीदारांच्या कापडाच्या चार छोट्या थैल्या शिवून ने, एक, दोन, पाच आणि दहाची.